वाऱ्याने घातलेला स्लॅब

माझ्या फोनमध्ये सकाळी ९.४० चा एक फोटो आहे. निळंशार आकाश, खाली डोंगराची पांढरी धार, आणि धारेवरून पूर्वेकडे उडणारा बर्फाचा झिरझिरीत पदर. आमच्यातल्या तिघांनी तो तिथल्या तिथे स्टेटसला टाकला. डिचोलीहून आईने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. दीड तासाने त्याच धारेखालचा बर्फाचा उतार फुटला, हिमस्खलन झालं, आणि आमच्यातले दोघे त्याच्याबरोबर खाली गेले.

दोघेही वाचले. एकाच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, दुसऱ्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटी काय होतं या उत्सुकतेपायी मधला भाग कुणी भराभर वाचणार नाही. सांगायचं ते मधल्या भागातच आहे. गोव्यातून हिमाचल-उत्तराखंडला बर्फात चालायला जाणारे आता पुष्कळ झालेत, आणि आम्ही केलेली चूक आपल्याकडच्या माणसाने करावी अशीच होती. आपलं संकट पावसाबरोबर येतं. चोर्ल्यात दरड कोसळते ती पावसात, साखळीत वाळवंटी चढते ती पावसात. उघडीप पडली की आपण सुटकेचा श्वास सोडतो, आणि वारा सुटला की आडोसा शोधतो. उघडीप आणि आडोसा, या दोन शब्दांनीच त्या दिवशी आमचा घात केला.

आम्ही पाच जण होतो. मी, माझा मावसभाऊ, वय २३, सगळे त्याला धाकटाच म्हणतात, साखळीकडचे मास्तर, गणित शिकवतात, पन्नाशी ओलांडलेली, फोंड्याची एक डॉक्टर, आमच्या गटात ती डॉक्टरीणबाई, आणि मांद्र्याचा एक मित्र, ज्याचं समुद्राकाठी छोटं हॉटेल आहे. सत्तरीच्या रानात, वाघेरीवर आणि चोर्ल्याच्या आजूबाजूला आम्ही वर्षानुवर्षं हिंडतो. बर्फाचा अनुभव म्हणाल तर तिघांनी उत्तराखंडातला केदारकंठा केलेला, तोही मळलेल्या वाटेने, शे-दीडशे माणसांच्या रांगेत. सोबत सोलंगचाच एक गाइड होता. आम्ही त्यांना भाईजी म्हणायचो. ट्रेकचा नेता मी. खाली जे जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या नावावर आहे, ते तसंच लिहितो.

बेत शिखराचा नव्हता. मनालीजवळच्या सोलंगहून सकाळी निघायचं, जंगलाच्या वर येऊन एका धारेच्या खांद्यापर्यंत चढायचं, डबा खायचा, उतरायचं. मार्चचा महिना. आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, आलं आणि दोन दिवस बर्फ पडत राहिला. होमस्टेच्या छपरावर हातभर थर साचला. तिसऱ्या दिवशी दुपारी आकाश फाटलं, निळं दिसू लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग रात्रभर वारा. छपराचा पत्रा असा वाजत होता की मास्तर उठून बसले. पण सकाळी ऊन, वाराही खाली पडलेला, आणि परतीला एकच दिवस उरलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी चंदीगडची बस, तिथून विमान, मग मोपा.

अंगणातली स्कूटर

निघताना अंगणात एक स्कूटर उभी होती. तिची पश्चिमेकडची बाजू पार उघडी होती, टायरखालची फरशी दिसत होती. पूर्वेकडच्या बाजूला मात्र सीटपर्यंत बर्फ. धाकट्याने त्यावर बुक्की मारली तर ती आत गेली नाही. दोन दिवस पडत होता तो बर्फ पिठासारखा होता, फुंकर मारली तर उडायचा. हा तसा नव्हता. वरून गुळगुळीत, कडा गोलसर, नखाने ओरखडा काढावा लागेल इतका घट्ट.

मांद्रेकर म्हणाला, "हे तर आमच्या रेवेसारखं झालंय रे." आम्ही हसलो. भाईजी दोरी गुंडाळत होते, त्यांनी वर धारेकडे पाहिलं आणि परत दोरी गुंडाळायला लागले.

मांद्रेकराचं म्हणणं शब्दशः खरं होतं, हे आम्हाला गोव्यात परत आल्यावर कळलं. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर मर्यादवेलीने धरलेल्या वाळूच्या टेकड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी आठवावं. समुद्राकडून वारा येतो. वाळूचे कण वाऱ्याकडच्या बाजूवरून उड्या मारत मारत वर चढतात, माथा ओलांडतात आणि पलीकडे वाऱ्याचा जोर संपला की खाली बसतात. वाऱ्याकडची बाजू पसरट राहते, आडोशाची बाजू उभी होते. बर्फाचंही हेच. ताशी २०-३० किलोमीटरच्या वाऱ्यात सुटा बर्फ हलायला लागतो, वारा वाढला की हलणारा बर्फ त्याच्या कितीतरी पटीने वाढतो. धारेच्या एका बाजूचा बर्फ खरवडून वारा तो दुसऱ्या बाजूला नेऊन भरतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा दहापट वेगाने असा भरणा होऊ शकतो, असं हिमस्खलनाचे जाणकार सांगतात. म्हणजे हातभर बर्फ पडायला दोन दिवस लागले असतील, तर तितकाच आणखी आडोशाला साचायला एक वादळी रात्र पुरे. त्यासाठी आभाळातून एक कणही पडावा लागत नाही.

माझ्या फोटोतला तो सुंदर पदर म्हणजे हेच काम चालू असल्याची निशाणी होती. खाली दरीत वारा पडला होता, वर धारेवर नव्हता. आम्ही भरणा होताना पाहत होतो, फोटो काढत होतो, आणि तासाभराने त्या भरण्यावर पाय ठेवणार होतो.

वाळू आणि बर्फ यांत फरक एकच, पण सगळी गोष्ट त्या फरकाची आहे. वाळूचा कण कितीही उडाला तरी सुटाच राहतो. आडोशाची बाजू तेहतीस-चौतीस अंशांच्या पुढे गेली की वाळू आपसूक घसरते आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो. बर्फाचा कण नाजूक असतो. वाऱ्यात आपटून त्याचे हात-पाय मोडतात, बारीक चुरा होतो, तो चुरा दाटीवाटीने बसतो आणि एकमेकांना चिकटतो. पावसाळ्यात डब्यातलं मीठ दगड होतं ना, साधारण तसं. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा त्याहून हलका. वाऱ्याने भरलेला ३०० ते ४०० किलोपर्यंत जातो. तो घसरून हिशेब मिटवत नाही. धरून राहतो.

विंड स्लॅब म्हणतात तो हा. स्लॅब शब्द आपल्याला परका नाही, ज्याने घर बांधलं त्याने स्लॅब घातला आहे. खाली सेंटरिंग, बल्ल्यांचे टेकू, वर काँक्रीट. टेकू मजबूत हवेत आणि वेळेआधी काढायचे नसतात, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. बर्फाच्या स्लॅबला भिंती नाहीत, बीम नाहीत, सळ्या नाहीत. तो तिरका आहे आणि नुसत्या टेकूंवर उभा आहे. हे टेकू म्हणजे त्याच्या खालचा कच्चा थर. कधी तो वादळाच्या सुरुवातीला पडलेला हलका बर्फ असतो. कधी त्याआधीच्या थंड, निरभ्र रात्रींत पृष्ठभागावर वाढलेले हिमाचे पिसासारखे स्फटिक. कधी कोनदार, सुटे, जाड्या रव्यासारखे दाणे, जे मुठीत धरले तर गोळाच होत नाही. एका जागी टेकू मोडला की तिथला भार शेजारच्यावर जातो, तो मोडतो, मग त्याच्या शेजारचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे पळत पळत पन्नास मीटर दूर पोचतं. म्हणूनच तडा बहुधा पायाखाली पडत नाही. तो तुमच्या डोक्यावर, उताराच्या वरच्या अंगाला पडतो, आणि तुम्ही ज्यावर उभे आहात ती अख्खी लादी निघते.

दोन वाटा

साडेदहाच्या सुमारास आम्ही झाडं संपतात तिथे आलो. तिथून खांद्यापर्यंत जायला दोन वाटा. एक म्हणजे सोंडेच्या पाठीवरून सरळ वर. ती वाऱ्याने खरवडलेली, खडक वर आलेले, मधल्या बर्फावर वाऱ्याने नांगरल्यासारख्या कडक वळ्या उठवलेल्या. पाय मुरगळायची भीती, आणि तोंडावर बोचरा वारा. दुसरी म्हणजे सोंड सोडून पूर्वेच्या अंगाला उतरायचं आणि धारेखालची बशीसारखी घळ आडवी मारायची. अंतर जेमतेम साठ पावलं. पलीकडे सपाटी. घळीत वाऱ्याचा मागमूस नव्हता. बर्फ गुळगुळीत, उशीसारखा फुगीर, ऊन पडलेलं. सह्याद्रीत वाढलेला कुणीही दुसरी वाट धरेल. मीही धरली. वाऱ्यातून आडोशाला यायचं, याला कधी विचार लागतो का?

भाईजी म्हणाले, "इधर से नहीं। रात भर हवा ने माल भरा है। दो दिन बैठने दो।"

मी म्हणालो, "भाईजी, बर्फ तो कल ही रुक गया। आसमान देखिए।"

ते काही बोलले नाहीत. मी पुढे म्हणालो की सोंडेवरून मास्तरांच्या गुडघ्याला त्रास होईल आणि दोनच्या आत खाली पोचायचं आहे. आज ते संभाषण आठवतो तेव्हा लक्षात येतं की मी त्यांच्या बोलण्याला उत्तर दिलंच नव्हतं. ते वाऱ्याबद्दल बोलत होते. मी पावसाबद्दल बोलत होतो, फक्त पावसाच्या जागी बर्फ म्हणत होतो. आणि मनातल्या मनात बसच्या वेळेबद्दल.

पुढे गोव्यात आमच्या नातेवाइकांनी सगळं खापर गाइडवर फोडलं. "त्याने अडवायला नको होतं?" अडवलं होतं. पण ज्याचे पैसे घ्यायचे त्याला दुसऱ्यांदा नाही म्हणणं किती अवघड असतं, हे गोव्याच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. किनाऱ्यावर लाल बावटा लावलेला असताना पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाशी हुज्जत घालणारे जीवरक्षक आपण रोज पाहतो. त्या दिवशी तो पर्यटक मी होतो.

शेवटी भाईजी म्हणाले, "ठीक है, पर एक-एक करके।" एक पलीकडे पोचला की मगच दुसरा निघेल, असा त्याचा अर्थ. ते पहिले गेले. वाटेत दोनदा थांबून त्यांनी काठी उलटी करून बर्फात खुपसली. वर कडक, मग एकदम पोकळ, असं त्यांना लागत होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. ते पलीकडे पोचले, मग मी गेलो. पायाखाली बर्फ छान धरत होता. सकाळपासून मांडीपर्यंत रुतत आलो होतो, इथे घोट्यापर्यंतही पाय जात नव्हता. मला बरं वाटलं. वरचा थर खालच्यापेक्षा कडक असणं हीच धोक्याची खूण असते, पण त्या क्षणी ती सोय वाटते. एका ठिकाणी पावलाचा आवाज बदलला, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. तेही मी ऐकलं आणि पुढे गेलो.

दोघे सुखरूप गेले म्हटल्यावर शिस्त सैल झाली. मास्तर अर्ध्यात असतानाच धाकटा निघाला. आमच्या पावलांच्या थोडा खालून गेला, कारण तिथे एक खडक वर आलेला होता आणि त्याला त्यावर हात टेकायचा होता. डॉक्टरीणबाई आणि मांद्रेकर सोंडेवरच होते. मांद्रेकर व्हिडिओ काढत होता.

नऊ मिनिटं

त्या व्हिडिओत आवाज आहे. "हुम्" असा, दबका, जड गादीवर कुणीतरी धपकन बसावं तसा. धाकटा खडकापासून दोन हात अंतरावर आहे. मग मास्तरांच्याही वर वीसेक मीटरवर काळी रेघ उमटते, डावीकडून उजवीकडे, कुणी पट्टी धरून ओढावी तशी. क्षणभर काहीच होत नाही. मग सगळी बशी तुकड्या-तुकड्यांनी हलते. लादीचे तुकडे दारासारखे उभे राहतात, आडवे होतात. मास्तर कडेला फेकले जातात. धाकटा दिसेनासा होतो.

घळ खाली लगेच सपाट होत होती, हे आमचं नशीब. पुढे कडा असता तर पुढचं लिहायला नको होतं.

बीकन आमच्याकडे तीन होते, माणसं सहा. हे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सतत संकेत सोडतं आणि गाडलेला माणूस शोधायला दुसऱ्याचं यंत्र तो संकेत पकडतं, म्हणजे प्रत्येकाकडे असलं तरच त्याचा उपयोग. रोजच्या भाड्यात बचत म्हणून आम्ही तीनच घेतले होते आणि ज्याचं वय कमी, त्याला नको असं ठरवलं होतं. धाकट्याकडे नव्हता. वर एक हातमोजा दिसत होता, नारिंगी. म्हापशाच्या बाजारातून घेतलेला, रंग भडक म्हणून आम्ही त्याची टर उडवली होती. तो हातमोजा हाताला होता आणि हात धाकट्याचा होता.

वाहताना बर्फ पाण्यासारखा असतो आणि थांबला की सिमेंट होतो, असं वाचलं होतं. हाताने उकरायला गेलो तेव्हा नखं मोडली, बर्फ हलला नाही. फावडं एकच, भाईजींकडे. मी डब्याचं स्टीलचं झाकण काढलं आणि त्याने खरवडत बसलो. भाईजींनी मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि खालच्या अंगाला नेलं: वरून खड्डा करायचा नाही, उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरायचं, म्हणजे काढलेला बर्फ खाली ढकलता येतो आणि आपलंच वजन गाडलेल्याच्या छातीवर पडत नाही. व्हिडिओ चालूच राहिला होता, फोन बर्फात पडलेला, पडद्यावर नुसतं निळं आकाश आणि आमचे आवाज. त्यावरून कळतं की धाकट्याचं तोंड मोकळं व्हायला नऊ मिनिटं आणि थोडे सेकंद लागले. ओठ निळे होते, तोंडात बर्फाचा बोळा. डॉक्टरीणबाईने तो बोटाने काढला. छातीवरचा बर्फ निघाल्यावर त्याने श्वास घेतला, आणि पहिला शब्द उच्चारला तो इथे छापण्यासारखा नाही.

नऊ मिनिटं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. गाडला गेलेला माणूस साधारण पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढला तर दहातले नऊ वाचतात, असा जुना आकडा. अलीकडच्या अभ्यासांनी ती मुदत दहा मिनिटांवर आणली आहे. त्यानंतर आलेख कड्यासारखा कोसळतो आणि अर्ध्या तासानंतर आशा थोडीच उरते. बहुतेक जण गुदमरून मरतात. गोव्यात हे बोलताना कुणी ना कुणी हणमंतप्पांचं नाव काढतो. धारवाड आपल्याला जवळचं, लोकांना आठवतं. सियाचीनवर ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर बर्फ कोसळला, दहा जवान गाडले गेले, आणि लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. ती लोकविलक्षण घटना होती. तिच्या आधारावर "मदत येईपर्यंत थांबू" असं कुणी ठरवू नये. मनालीहून मदत यायला आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली. धाकट्याला वाचवणारे तिथे उभे असलेलेच लोक होते.

नंतर सापडलेलं

दुसऱ्या दिवशी दुपारची बस अर्थातच गेली. मास्तर पायाला पट्टा बांधून दवाखान्याच्या खाटेवर, आणि स्वभावाला औषध नाही, कागदावर गणित करत बसलेले. भाईजींनी त्या दिवशी सकाळी लांबून, सुरक्षित कडेने जाऊन फुटलेली जागा पाहिली आणि फोटो पाठवले. रुंदी चाळीस मीटर, लांबी तीसेक. लादीची जाडी खडकाजवळ वीत-सव्वा वीत, मध्यावर कमरेच्या खालपर्यंत. सरासरी ४० सेंटिमीटर धरली. मास्तरांनी घनमीटरला ३०० किलो धरून गुणलं: १४४ टन. कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "उसगावच्या रस्त्यावरचे चौदा टिपर. भरलेले."

उताराचा कोन वर जाताना मास्तरांच्या अंदाजाने पंचवीस अंश होता, माझ्या अंदाजाने त्याहून कमी. भाईजींनी फोनवर मोजला तो ३७. घराचा जिना साधारण तीस अंशांचा असतो. लादीचं हिमस्खलन बहुतेक तीस ते पंचेचाळीसच्या मध्ये होतं, आणि त्यातही अडतीसच्या आसपास सर्वांत जास्त. आम्ही बरोब्बर तिथे होतो. पांढऱ्या उतारावर सावली नसली की डोळा फसतो, झाडं नसली की आणखी फसतो. त्यानंतर मी अंदाज करणं सोडलं आहे. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते, काठीवर फोन आडवा ठेवला की दहा सेकंदांचं काम.

तिघांना लादीने धरलं, चौथ्याला का नाही? दवाखान्यात हा प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा उगाळला. धाकट्याला तर वाटत होतं की त्याचंच काहीतरी चुकलं. उत्तर लादीच्या जाडीत आहे. मधोमध ती जाड होती, आमचं वजन तिच्यात विरत होतं, खालच्या कच्च्या थरापर्यंत पोचत नव्हतं. खडकाजवळ ती पातळ होती. तिथे पावलाचा दाब थेट टेकूंवर गेला. एकदा तिथे मोड झाली की जाड भागही त्याबरोबर निघाला. खडकाच्या आसऱ्याला जाणं, हीही आपल्याकडची चांगली सवय. विंड स्लॅबवर लादीच्या कडा, उघडे खडक आणि उतार जिथे फुगून वळतो ती जागा, इथेच ती बहुधा सुटते. पहिल्या तिघांना लादीने धरलं याने वाट पक्की ठरत नाही. त्यातल्या कुणाचा पाय पातळ जागी पडला नाही, एवढंच त्यावरून कळतं.

भाईजींच्या एका फोटोत लादीची कापलेली भिंत आहे. वर घट्ट पांढरा भाग, खाली दोन बोटं जाडीची करडी पट्टी, आणि त्या पट्टीतून दाणे ओघळून खाली साचलेले, पोत्याला भोक पडल्यासारखे. आम्ही येण्याआधीचा आठवडा कोरडा आणि थंड गेला होता, त्यात जुन्या बर्फाच्या पृष्ठभागाचे दाणे झाले होते. त्यावर वादळाचा बर्फ, त्यावर रात्रीचा भरणा. खड्डा खणून, बर्फाचा खांब मोकळा करून त्यावर फावडं ठेवायचं आणि आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा मारायच्या, अशी एक चाचणी आहे. भाईजींनी ती लादीच्या उरलेल्या भागाच्या कडेला केली. अकराव्या थापेला खांब त्या पट्टीवरून सरकला. साधा विंड स्लॅब काही दिवसांत बसतो, म्हणूनच ते "दो दिन बैठने दो" म्हणाले होते. खाली असे दाणे असले तर दोन दिवसही पुरत नाहीत, असं त्यांनी नंतर स्वतःहून सांगितलं. म्हणजे त्यांचाही अंदाज थोडा कमीच होता.

संरक्षण संशोधन खात्याची डीजीआरई ही संस्था हिमालयाच्या भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. पूर्वी मनालीत 'सासे' म्हणून ओळखली जायची ती संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. सोलंगपासून धुंडी फार लांब नाही, तिथे तिचं निरीक्षण केंद्र आहे. आम्ही विमानाची वेळ चार वेळा तपासली, हॉटेलचं रेटिंग पाहिलं, इशारा एकदाही उघडला नाही. पण इशारा पाहिला असता तरी तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो. आमची घळ त्यात नसते. स्कूटर मात्र आमच्याच अंगणात होती.

अनुभवी माणसांबरोबर हे होत नाही, असं कुणी म्हणालं तर मी एकच तारीख सांगतो. ४ ऑक्टोबर २०२२, द्रौपदी का डांडा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी शिखराजवळ हिमस्खलनात सापडली, २७ जणांचे मृतदेह हाती आले, दोघे बेपत्ता राहिले. ते शिकणारे आणि शिकवणारे होते, तेही भारतातल्या नावाजलेल्या संस्थेतले.

आमच्या गटात आता एकमत नाही. मास्तर म्हणतात, गोव्याच्या माणसाने मेमध्ये जावं, वाटा उघड्या असतात, फेब्रुवारी-मार्च ज्यांचा त्यांना लखलाभ. डॉक्टरीणबाई म्हणते, जायचं तर आधी हिमस्खलनाचा चार दिवसांचा वर्ग करायचा, नाहीतर नाही. धाकट्याने अजून काही ठरवलेलं नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही. मला वाटतं जाता येईल, पण तीस अंशांच्या आतल्या उतारांवर, आणि वर डोक्यावर तीसच्या पुढचा उतार टांगलेला नसेल तर. त्यातही पुष्कळ सुंदर चालणं आहे. मास्तर यावर मान हलवतात, होकारार्थी नाही.

काही गोष्टी मात्र न भांडता ठरल्या. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "आज हवा कशी" हा नसेल. "काल रात्री वारा कुठून कुठे गेला, आणि बर्फ कुठे भरला" हा असेल. कुणा एकाने नाही म्हटलं तर चर्चा नाही, परत. आडवं जायचं तर एक पलीकडे पोचेपर्यंत दुसऱ्याने बूडही हलवायचं नाही, मग कितीही जण आधी गेलेले असोत. परतीचं तिकीट ट्रेकनंतर दोन मोकळे दिवस सोडून. आणि माणशी एक बीकन, एक प्रोब, म्हणजे गाडलेल्याला शोधायला बर्फात खुपसायची लांब काठी, आणि एक फावडं. फावडं धातूचं.

भाड्याच्या भानगडीत पुन्हा पडायचं नाही म्हणून आम्ही वर्गणी काढून पाच बीकन विकतच घेतले. ते मांद्रेकराच्या हॉटेलात ठेवले होते. पहिल्याच पावसाळ्यात दोन बीकनच्या सेलच्या खोबणीत हिरवट बुरशीसारखा गंज चढला, खारी हवा आणि चार महिन्यांची ओल. लिंबाच्या रसाने आणि जुन्या टूथब्रशने घासून एक चालू झाला, दुसरा कंपनीकडे पाठवावा लागला. आता ते माझ्याकडे डिचोलीत असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात सेल काढायचे, यंत्रं तांदळाच्या डब्यात घालायची, डबा कपाटात वर. नोव्हेंबरात नवे सेल घालून आम्ही मांद्र्याला जातो. मांद्रेकर वाळूत कुठेतरी एक बीकन पुरतो आणि आम्ही घड्याळ लावून शोधतो. गेल्या खेपेला धाकट्याला चार मिनिटं लागली. मास्तरांना सहा.